आग लागली की लावली? वाचकांचे प्रश्न, वकिलांची उत्तरं

यावेळी सगळे प्रश्न एकाच विषयावरचे घेतलेत, आगीच्या केसेस. गंजी जळाली, बाग जळाली, गाडी जळाली, दुकान जळालं आणि मागून पोलीस आले अशी पत्रं इतकी साठली होती की एकत्रच उत्तरं देते. नावं छापत नाहीये, गावंही मोघमच ठेवलीत.

आधी एक सांगून टाकते म्हणजे प्रत्येक उत्तरात परत नको. १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली, म्हणजे बीएनएस. त्या तारखेच्या आधीची घटना असेल तर केस आयपीसीच्या ४३५ नाहीतर ४३६ मध्येच चालणार, नंतरची असेल तर बीएनएसच्या ३२६-एफ किंवा ३२६-जी मध्ये. एफ म्हणजे आग लावून मालमत्तेचं नुकसान, त्यात शेतमालही आला, शिक्षा ७ वर्षांपर्यंत आणि दंड, जामीनपात्र. जी म्हणजे राहतं घर, प्रार्थनास्थळ किंवा माल ठेवायची इमारत पेटवणं, शिक्षा जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत आणि दंड, अजामीनपात्र, केस सेशन कोर्टात. एफआयआरची कॉपी हातात आली की पहिलं हे अक्षर बघा, पुढचं बरंचसं त्यावरच ठरतं.

प्रश्न : मॅडम, आम्ही वाशिम जिल्ह्यातले. माझ्या मिस्टरांचा आणि चुलत दिरांचा धुऱ्यावरून जुना वाद आहे. भांडण झालं आणि त्याच रात्री त्यांच्या सोयाबीनच्या गंजीला आणि लागून असलेल्या टिनाच्या गोठ्याला आग लागली, एक गोऱ्हा मेला. मिस्टर त्या रात्री माझ्या माहेरी मेहकरला होते. तक्रार दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिली आणि त्यात "पळताना पाहिलं" असं लिहिलं. ३२६-जी लावून अटक केलीय, गोठ्यात रॉकेलचा वास आला म्हणतात. खरंच जन्मठेप होते का? जामीन मिळेल का?

उत्तर : ताई, जन्मठेप ही वरची मर्यादा आहे. या कलमात किमान शिक्षा ठरवलेलीच नाही, गुन्हा शाबित झाला तरी किती शिक्षा द्यायची ते कोर्ट नुकसान, हेतू, माणसाच्या जिवाला धोका होता का हे सगळं बघून ठरवतं. पण कलम भारी आहे हे खरंच, त्यामुळे आज-उद्या करत बसू नका.

गंजी ही इमारत नाही. उघड्यावर रचलेली गंजी पेटवली तर ते एफमध्ये जातं. जी लागलंय ते गोठ्यामुळे. आता हा गोठा कसा आहे? भिंती, दार, कुलूप, आत पेंड, अवजारं, मोटार ठेवलेली असेल तर "माल ठेवायची इमारत" म्हणता येईल. चार बल्ल्या रोवून वर टिन टाकलेलं असेल, चारही बाजूंनी उघडं, तर वकिलाने हा मुद्दा जामीन अर्जातच घ्यायला पाहिजे की इथे जी बसत नाही. एफवर आलं की गुन्हाच जामीनपात्र होतो. घटनास्थळाचा पंचनामा आणि फोटो यासाठी नीट वाचायचे, गोठ्याचं वर्णन त्यात काय केलंय ते. गोऱ्ह्याचं कलम वेगळं, ३२५, त्यात ५ वर्षांपर्यंत.

जामिनाचं सांगते. अटकेनंतर २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं. अटकेची कारणं लेखी द्यावी लागतात, समजेल अशा भाषेत, ती दिली नसतील तर वकिलाला लगेच सांगा, सुप्रीम कोर्ट अलीकडे यावर फार कडक झालंय. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांपेक्षा जास्त मिळत नाही, पण फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (बीएनएसएस), ती तुकड्या-तुकड्यांनी मागता येते त्यामुळे एकदा न्यायालयीन कोठडी झाली म्हणून निर्धास्त राहू नका. जन्मठेपेचं कलम असल्यामुळे मॅजिस्ट्रेट बहुधा जामीन देत नाही, सेशन कोर्टात बीएनएसएस कलम ४८३ खाली अर्ज करायचा, तिथे नाकारला तर हायकोर्ट, तुमच्यासाठी नागपूर खंडपीठ. आणि ९० दिवसांत चार्जशीट आलं नाही तर डिफॉल्ट बेलचा हक्क मिळतो, पण तो मागावा लागतो, चार्जशीट दाखल व्हायच्या आधी अर्ज गेला पाहिजे. एक्क्याण्णवाव्या दिवशी सकाळी वकील कोर्टात हजर पाहिजे, दुपारी चार्जशीट आलं आणि तुमचा अर्ज नसला तर हक्क गेला.

आता पुराव्याकडे या. अशा केसमध्ये पेटवताना पाहिलेला साक्षीदार बहुतेक वेळा नसतोच, केस परिस्थितिजन्य पुराव्यावर उभी असते. त्याबद्दल १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सारडा खटल्यात जे सांगितलं ते आजही प्रत्येक कोर्टात वाचलं जातं, की साखळीची प्रत्येक कडी पक्की शाबित झाली पाहिजे आणि सगळ्या कड्या मिळून आरोपीच दोषी याशिवाय दुसरा निष्कर्ष निघताच कामा नये. भांडण झालं होतं ही फक्त एक कडी. आणि वैर हे दुधारी असतं हे कोर्टच म्हणतं, त्यातून गुन्हाही होतो आणि खोटं नावही गोवलं जातं.

"पळताना पाहिलं" याच्यावर तुमच्या वकिलाने बारीक प्रश्न विचारायचे. रात्री उजेड कशाचा होता? आगीच्या उजेडात पाहिलं म्हणत असतील तर आग तेव्हा केवढी भडकली होती, पाहणारा किती फुटांवर होता, तोंड दिसलं की पाठ? आणि ओळखलं होतं तर विझवायला धावून आलेल्या लोकांना त्याच वेळी नाव का नाही सांगितलं? पोलीस पाटलाला का नाही? तक्रार दुसऱ्या संध्याकाळपर्यंत का थांबली? उशीर झाला म्हणून केस आपोआप पडत नाही, आधी आग विझवली, जनावरं सोडली असं कारण ते देतील आणि ते पटण्यासारखंही असू शकतं, पण त्या मधल्या वेळात नाव ठरवून घातलं गेलं का हा प्रश्न उरतोच.

रॉकेलचा वास. नुसत्या वासावर शिक्षा होत नाही. अर्धवट जळालेला कडबा, माती, राख यांचे नमुने घेऊन फॉरेन्सिक लॅबला पाठवायचे असतात, तिथे गॅस क्रोमॅटोग्राफीवर पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांचे अंश सापडतात. पण हे पदार्थ उडून जाणारे असतात, म्हणून नमुना हवाबंद डब्यात पाहिजे. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर ठाण्यात पडून असेल तर वाफ निघून जाते आणि बाजूला डिझेलचा कॅन असेल तर त्याची वाफ आत शिरूही शकते. म्हणून नमुना कधी घेतला, कशात घेतला, सील कुणाच्या सहीचं, लॅबला कुठल्या तारखेला पोचला, हे सगळं तपासायचं. आणि अंश सापडले तरी गोठ्यात डिझेल इंजिन, फवारणी पंप, रॉकेलची चिमणी काय काय होतं ते विचारा, शेतकऱ्याच्या गोठ्यात डिझेल सापडणं ही नवलाची गोष्ट नाही. नव्या कायद्यात ७ वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने जागेवर येऊन पुरावा गोळा करायची आणि व्हिडिओ काढायची तरतूद आलीय, राज्यांना ती लागू करायला ५ वर्षांची मुदत आहे. तुमच्या केसमध्ये कुणी आलं होतं का ते बघा.

दुसरं कारण असू शकतं का हेही पाहायचं. गंजीवरून महावितरणची तार गेलीय का, तारा लोंबकळत होत्या का, वाऱ्याने घासून ठिणगी पडली का. ओलं सोयाबीन दाबून रचलं होतं का, ओला चारा आतून तापतो आणि कधी कधी आपोआप धुमसायला लागतो. तुम्हाला हे शाबित करायचं नाहीये बरं का, सरकारला शाबित करायचंय की आग लावलेली होती आणि ती तुमच्या मिस्टरांनीच लावली. तुम्हाला फक्त रास्त शंका उभी करायचीय.

मेहकरला होते या गोष्टीचं मात्र उलटं आहे. "मी तिथे नव्हतोच" हे आरोपीने स्वतः पुराव्यानिशी दाखवायचं असतं, आणि नुसत्या तुमच्या आईच्या आणि भावाच्या साक्षीवर कोर्ट फार भर देत नाही, घरचे म्हणून. त्या दिवशीचं एसटीचं तिकीट, यूपीआयवर चहाचे पैसे दिले असतील तर त्याची एंट्री, रस्त्यातल्या पेट्रोल पंपाचा सीसीटीव्ही, मोबाईलचं टॉवर लोकेशन. सीसीटीव्ही थोड्याच दिवसांत पुसला जातो, म्हणून आजच पंपावर लेखी अर्ज द्या आणि वकिलामार्फत कोर्टाला बीएनएसएस कलम ९४ खाली फुटेज आणि कॉल रेकॉर्ड मागवायला सांगा. ही गोष्ट पहिल्यापासून सांगा, जामीन अर्जातसुद्धा, खटल्याच्या शेवटी काढली की रचलेली वाटते.

कोठडीत त्यांनी काही कबूल केलं असं पोलीस म्हणाले तर घाबरू नका, पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही. फक्त त्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, म्हणजे कॅन, काडेपेटी, तर तेवढा भाग चालतो, म्हणून जप्तीचा पंचनामा आणि पंच कोण हे महत्त्वाचं. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००.

प्रश्न : लांजा तालुक्यातून लिहितोय. वडिलांनी भाजावळीला, म्हणजे शेत भाजायला, पातेरा (पालापाचोळा) पेटवला, वारा फिरला आणि आग शेजाऱ्यांच्या काजूच्या बागेत गेली, लागती कलमं जळाली. आम्ही सगळे विझवायला धावलो. आता पोलीस ३२६-एफ म्हणतायत. वडील ६८ वर्षांचे आहेत.

उत्तर : दादा, ३२६-एफला नुकसान करायचा हेतू लागतो, किंवा निदान असं नुकसान होणारच अशी जाणीव. भाजावळ ही कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली शेतीची रीत, त्यात शेजाऱ्याची बाग जाळायचा हेतू कुठून आला. वारा फिरून आग गेली असेल तर फार तर निष्काळजीपणा, त्याला कलम २८७, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ७ वर्षांचं कलम आणि हे, केवढा फरक बघा.

पण पोलीस "जाणीव" हा शब्द धरतात, आणि मला स्वतःला वाटतं की काही केसेसमध्ये ते बरोबरही असतं. एप्रिलच्या भर दुपारी, वारा सुटलेला असताना, बांधाच्या कडेचं वाळलेलं गवत साफ न करता पेटवून माणूस घरी जेवायला गेला तर काय होणार हे त्याला कळत नव्हतं असं कसं म्हणायचं? काजूचं किंवा आंब्याचं कलम उभं व्हायला किती वर्षं जातात, एका दुपारीत ते सगळं कोळसा होतं, शेजाऱ्याचा राग समजून घ्या. म्हणून वडिलांच्या बाजूने नेमक्या गोष्टी लिहून काढा, किती वाजता पेटवलं, कडेने किती रुंद पट्टा साफ केला होता, पाण्याचे हंडे आणि झोडपायला ओले टहाळे जवळ होते का, कोण कोण हजर होतं, हाका कुणाला मारल्या, सरपंचांना किंवा अग्निशमनला फोन कधी केला. फोनची वेळ मोबाईलमध्ये आहे, तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. आग विझवायला धावलेला माणूस आग लावणारा नसतो असं कोर्ट सरसकट धरत नाही, पण हेतू नव्हता हे दाखवायला याच्याइतकं चांगलं काही नाही.

एफ जामीनपात्रच आहे, आणि ७ वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात उठसूट अटक करायची नाही, आधी नोटीस द्यायची असं अर्नेश कुमार निकालात २०१४ मध्येच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. बीएनएसएस कलम ३५(३) ची नोटीस आली तर वडिलांना घेऊन ठाण्यात जा, टाळू नका.

नुकसानभरपाई हा वेगळा विषय, फौजदारीतून सुटले तरी दिवाणी दावा होऊ शकतो. तलाठी आणि कृषी सहायकांचा पंचनामा दोघांच्याही कामाचा आहे, किती कलमं, किती वर्षांची, हे त्यात येऊ द्या. आणि आग राखीव जंगलात शिरली असेल तर वन विभाग १९२७ च्या वन कायद्याखाली वेगळी केस करू शकतो, ते एकदा वनपालांकडे विचारून घ्या.

प्रश्न : पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझी बाईक आणि आणखी पाच गाड्या रात्री पेटवल्या. सीसीटीव्हीत शेजारच्या बिल्डिंगमधला १६ वर्षांचा मुलगा दिसतोय. त्याला काय शिक्षा होईल आणि मला पैसे कसे मिळतील?

उत्तर : आधी पैशांचं. पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर आग आणि खोडसाळ नुकसान दोन्ही कव्हर असतं, फक्त थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीचं काहीच मिळत नाही. एफआयआर, अग्निशमन दलाचा दाखला, जळालेल्या गाडीचे फोटो, आणि सर्व्हेअर येईपर्यंत गाडी हलवू नका.

गाडी म्हणजे इमारत नाही म्हणून नुसत्या गाड्या जळाल्या तर एफ. पण राहत्या बिल्डिंगच्या खालच्या पार्किंगमध्ये पेटवल्या तर ज्वाळा आणि धूर जिन्याने वर जातो, लोक झोपलेले असतात, त्यामुळे पोलीस जी लावतात आणि मला ते चुकीचं वाटत नाही. कुणी गेलं असतं तर सदोष मनुष्यवधापासून खुनापर्यंत गेलं असतं. सिंहगड रोडला २०१५ मध्ये एका रात्रीत ढिगाने गाड्या जाळल्या होत्या ते पुणेकर विसरलेले नाहीत.

मुलगा १६ चा आहे म्हणजे केस बाल न्याय मंडळात जाईल. मोठ्यांसारखा खटला चालवायचा तर १६ पूर्ण आणि गुन्हा "निर्घृण" वर्गातला लागतो, म्हणजे ज्याला किमान ७ वर्षं शिक्षा आहे. जीला किमान शिक्षाच नाही, त्यामुळे तो त्यात बसत नाही. समुपदेशन, समाजसेवा, देखरेख, जास्तीत जास्त ३ वर्षं विशेष गृहात, दंड झाला तर आईवडिलांना. तुम्हाला हे कमी वाटेल. पण त्या मुलाचं नाव, फोटो, ते सीसीटीव्हीचं क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका, तो स्वतंत्र गुन्हा आहे, आणि खरं सांगायचं तर सोळा वर्षांच्या पोराचं आयुष्य एका क्लिपने संपवू नये असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : इचलकरंजीत माझं कापडाचं दुकान जळालं. शॉर्टसर्किट झालं. इन्शुरन्सचा सर्व्हेअर म्हणतो कर्ज होतं म्हणून तुम्हीच लावली. स्वतःचंच दुकान जाळलं तर गुन्हा होतो का?

उत्तर : होतो. कायद्यात स्पष्ट लिहिलंय की स्वतःच्या मालमत्तेचं नुकसान करूनही आगळीक, म्हणजे मालमत्ता नुकसानीचा गुन्हा, होऊ शकते, आणि विम्याच्या पैशासाठी स्वतःचंच जहाज बुडवणाऱ्या माणसाचं उदाहरण आयपीसीत दीडशे वर्षांपासून आहे. वर फसवणुकीचं कलम लागतं, आणि खोटी फिर्याद दिली असेल तर त्याचं वेगळं. शेजारच्या गाळ्याला आग पोचली असेल तर आणखी गंभीर.

पण सर्व्हेअरने म्हटलं म्हणून तुम्ही गुन्हेगार होत नाही, कर्ज तर बाजारपेठेत प्रत्येकाच्या डोक्यावर असतं. फसवणूक झाली हे म्हणणाऱ्या कंपनीने ते दाखवायचं. आगीचं नेमकं कारण सापडलं नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फक्त विमाधारकाने स्वतः लावलेली नसावी, असं सुप्रीम कोर्टाने एकाहून जास्त निकालांत सांगितलंय, आणि सर्व्हेअरचा रिपोर्ट हा शेवटचा शब्द नसतो हेही.

तुम्ही मेन स्विच, एमसीबी, जळालेली वायर जागेवरून हलवली नसेल अशी आशा आहे. विद्युत निरीक्षकांकडे तपासणीसाठी लेखी अर्ज करा. शॉर्टसर्किटमध्ये तांब्याच्या तारेच्या टोकाला वितळून गोळी बनते, ती आगीच्या आधी बनली की आगीमुळे इन्सुलेशन जळून नंतर, हे तज्ज्ञ तपासतात आणि तिथेच केस फिरते. स्टॉक रजिस्टर, जीएसटी रिटर्न, बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट एकमेकांशी जुळतात का ते आधी सीएकडून बघून घ्या, आगीच्या आठवडाभर आधी विमा वाढवला असेल किंवा माल दुसरीकडे नेला असेल तर त्याचं खरं कारण कागदासह तयार ठेवा, कारण संशय नेमका तिथेच घेतात. क्लेम नाकारल्यापासून २ वर्षांत ग्राहक आयोगात जाता येतं. पोलिसांकडून बोलावणं येईलसं वाटत असेल तर सेशन कोर्टात अटकपूर्व जामीन, बीएनएसएस कलम ४८२, वकिलाशी बोलून ठेवा.

प्रश्न : बंदच्या दिवशी एसटी जाळली, माझा मुलगा गर्दीच्या व्हिडिओत दिसतो म्हणून त्याचं नाव आलंय. तो नुसता बघत उभा होता. सरकारी नोकरीची तयारी करतोय.

उत्तर : ताई, एसटी ही सार्वजनिक मालमत्ता, त्यामुळे बीएनएसबरोबर १९८४ चा सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंधक कायदा लागतो. त्यात आगीने नुकसान केलं तर किमान १ वर्ष सक्तमजुरी आणि १० वर्षांपर्यंत, किमानपेक्षा कमी द्यायची तर कोर्टाला खास कारणं लिहावी लागतात. जामिनालाही सरकारी वकिलाचं म्हणणं ऐकल्याशिवाय सोडत नाहीत. शिवाय बेकायदा जमावाचं कलम लागतं, आणि जमावाच्या समान उद्दिष्टात सामील असेल तर काडी कुणी ओढली याला महत्त्व राहत नाही.

म्हणून मुलगा जमावात होता की बघ्यांमध्ये हाच खरा प्रश्न. सुप्रीम कोर्टाने मसाल्टी खटल्यात १९६४ लाच म्हटलंय की मोठ्या जमावाच्या केसमध्ये एखाद्या आरोपीचं नाव दोन किंवा जास्त साक्षीदारांनी सुसंगतपणे घेतलंय का ते बघणं शहाणपणाचं. व्हिडिओ पूर्ण मागवा, फिरवलेली वीस सेकंदांची क्लिप नको. त्याच्या हातात काय आहे, तोंड झाकलंय का, घोषणा देतोय का, गाडी पेटल्यावर मागे सरकतोय का. आणि मूळ मोबाईल जप्त झालाय का, व्हिडिओसोबत नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र आहे का, ते नसेल तर वकील आक्षेप घेईल.

आंदोलनातले गुन्हे सरकार मागे घेतं असं सगळे सांगत असतील. घेतं, पण त्याला अटी असतात, सरकारी वकिलाने अर्ज करावा लागतो आणि कोर्टाची परवानगी लागते. त्याच्यावर विसंबून केसच्या तारखा चुकवू नका. आणि नोकरीच्या फॉर्ममध्ये गुन्हा दाखल असल्याचं लपवू नका, लपवलेलं पडताळणीत निघालं तर पुढे निर्दोष सुटूनही नोकरी जाऊ शकते.

प्रश्न : आम्ही बौद्ध समाजाचे. गावातल्या वादातून रात्री आमचं घर पेटवलं, आम्ही मागच्या दाराने निघालो म्हणून वाचलो. पोलिसांनी साधी "अकस्मात जळीत" नोंद केलीय.

उत्तर : ताबडतोब लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना द्या, पोच घ्या, रजिस्टर पोस्टानेही पाठवा. अॅट्रॉसिटी कायद्याच्या ३(२)(चार) मध्ये अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचं राहतं घर पेटवलं तर शिक्षा जन्मठेपच आहे, कमी नाही. गंजी, गाडी असं काही जाळलं तर ३(२)(तीन), किमान ६ महिने ते ७ वर्षं. आरोपीला अटकपूर्व जामीन साधारणपणे मिळत नाही, तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. तुम्ही घरात असताना पेटवलं म्हणजे खुनाचा प्रयत्न, बीएनएस १०९, हेही एफआयआरमध्ये आलं पाहिजे. आरोपीच्या जामिनाच्या वेळी कोर्टाने तुम्हालाही ऐकून घ्यायचं असतं, हा तुमचा हक्क आहे.

आणि घर पूर्ण जळालं असेल तर सरकारी खर्चाने पक्कं घर बांधून द्यायची तरतूद या कायद्याच्या नियमांतच आहे, समाजकल्याण सहायक आयुक्त आणि जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करा. राख, जळालेली कागदपत्रं, आगीत वाकलेली भांडी सगळं पंचनाम्यात घ्यायला लावा, पंचनामा होईपर्यंत जागा साफ करू नका, कितीही त्रास झाला तरी. पोलीस तरीही ऐकत नसतील तर विशेष न्यायालय आहे, आणि तुम्हालाही विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत आहे.

प्रश्न : शेजारी रोज म्हणतो "तुझी कांदा चाळ पेटवून देईन". पेटवल्यावरच तक्रार घेणार का? (निफाड)

उत्तर : नाही. आगीने मालमत्ता नष्ट करायची धमकी हीच बीएनएस ३५१(३) खाली गुन्हा आहे, ७ वर्षांपर्यंत. ठाण्यात बहुधा एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतील, ती तरी करा, तारीख आणि शब्द जसेच्या तसे लिहून. सोबत चॅप्टर केस मागा, बीएनएसएस कलम १२६, म्हणजे तालुका दंडाधिकारी त्याच्याकडून शांततेचा बाँड घेतात. चाळीकडे तोंड करून एक कॅमेरा लावा. चाळीत माल साठवलेला असतो, त्यामुळे पेटवलीच तर जीचा मुद्दा येऊ शकतो, हे त्याला त्याच्या घरच्या एखाद्या समजूतदार माणसाकडून कळलं तर जास्त बरं.

प्रश्न : सांगली जिल्हा. भावाभावात गोठा जाळल्याची केस झाली, आता गावकीत मिटलंय, भरपाईही दिली. केस मागे घेता येईल का?

उत्तर : आगीचे हे दोन्ही गुन्हे आपसात मिटवण्यासारखे नाहीत, त्यामुळे खालच्या कोर्टात "मागे घेतो" म्हणून चालत नाही. हायकोर्टात बीएनएसएस कलम ५२८ खाली एफआयआर रद्द करायचा अर्ज करावा लागतो, दोघांची प्रतिज्ञापत्रं लावून. वाद मुळात खाजगी आहे, कुणाला इजा नाही, नुकसान भरून दिलंय असं दिसलं तर कोर्ट मान्य करू शकतं, पण करीलच असं नाही, आगीत शेजारच्यांच्या जिवाला धोका होता असं वाटलं तर नाकारतात. सार्वजनिक मालमत्ता जळालेली असेल किंवा माणूस दगावलेला असेल तर आशाच ठेवू नका. भरपाई रोख दिली असेल तर ती आता बँकेतून दिल्यासारखी दाखवत बसू नका, साधी पावती आणि दोघांच्या सह्या पुरतात. आणि यासाठी आता मुंबईला जायला नको, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सांगलीची प्रकरणं तिथेच चालतात.